धावपट्टी-अतिक्रमण प्रतिबंध

धावपट्टी-अतिक्रमण प्रतिबंध : उड्डाण व अवतरण यांसाठी राखलेल्या पृष्ठभागाच्या संरक्षित क्षेत्रात विमान, वाहन किंवा व्यक्ती चुकीने येऊ नये म्हणून विमानतळावर केलेली व्यवस्था. बोलण्यात ‘रनवे इन्कर्जन’ हाच शब्द चालतो. प्रस्तुत नोंदीत या विषयाची सर्वसाधारण मांडणी असून उदाहरणे शक्य तेथे बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या अंगाने घेतली आहेत.

व्याप्ती : अतिक्रमण नेमके कशाला म्हणावे, याबद्दल बराच काळ एकमत नव्हते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या जुन्या व्याख्येत टकरीचा धोका निर्माण होणे किंवा दोन विमानांतील आवश्यक अंतर मोडणे ही अट होती. कोणी धावपट्टीवर शिरले, पण त्या वेळी विमान येत-जात नसले, तर ती घटना खालच्या दर्जाची धरली जाई. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (इकाओ) साधारणपणे २००५ च्या सुमारास परिणामाची अट काढून टाकली. चुकीची उपस्थिती एवढेच पुरे मानले. अमेरिकेने ही व्याख्या ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारली आणि तेथील नोंदींची संख्या एकदम वाढली. धावपट्ट्या त्या महिन्यात जास्त धोकादायक झाल्या असा याचा अर्थ नव्हे. म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे टाळावे. प्रतिबंधाच्या दृष्टीने व्यापक व्याख्याच अधिक उपयोगी दिसते, कारण निभावून गेलेल्या चुकाही तिच्यामुळे कागदावर येतात. गांभीर्यानुसार घटनांची ‘ए’ (टक्कर थोडक्यात टळली) ते ‘डी’ (तात्काळ परिणाम नाही) अशी प्रतवारी होते. पुरेशी माहिती नसल्यास ‘ई’.

व्याख्येच्या काठावरची दोन प्रकरणे सीमाभागातील वाचकाला जवळची वाटतील. सांबऱ्याची धावपट्टी एकच आहे, पण तिला दिशेनुसार दोन नावे आहेत : पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरल्यास ०८, पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरल्यास २६. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी हैदराबादहून आलेल्या एका प्रवासी विमानाला २६ वर उतरण्याची परवानगी मिळाली असताना ते ०८ वर उतरले. इजा कोणाला झाली नाही. डांबर तेच, परवानगी उतरण्याचीच. मग हे अतिक्रमण की केवळ धावपट्टीचा गोंधळ? अशा घटना स्वतंत्र कप्प्यात टाकण्याकडे काहींचा कल असतो. तथापि त्यांना अतिक्रमणाच्या विचारातून वगळणे सयुक्तिक वाटत नाही. विमान पूर्वेकडून येणार म्हणून टॉवरवरचा नियंत्रक आणि पट्टीकडेचा जीपचालक दोघेही त्याच टोकाकडे बघत असतात, आणि ते पाठीमागून उतरते.

दुसरे प्रकरण जनावरांचे. विमान, वाहन, व्यक्ती या तिघांत म्हैस किंवा कुत्रे बसत नाही. ती बाब वन्यजीव-धोक्याकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरतला उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाला म्हैस धडकली, तेव्हा देशभर कुंपणांची चर्चा झाली, ती वन्यजीव-धोक्याच्याच शीर्षकाखाली. कागदावर ही विभागणी नीटस आहे. पण सांबरा, बाळेकुंद्री, मुतगे, निलजी अशा गावांचे शिवार ज्या परिसरात आहे, तेथे ती फार ताणता येत नाही. कुंपणाच्या ज्या भगदाडातून म्हैस आत येते, त्यातूनच तिला हुडकणारा गुराखीही येतो, आणि तो आला की नोंद अतिक्रमणाची होते. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (त्याचे स्थान दाखवण्यासाठी ठरवलेल्या बिंदूपासून) दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व घाण टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांनी केलेली मनाई मुख्यतः पक्ष्यांसाठी आहे; कुत्री दूर राहतात हा तिचा जोडफायदा.

सांबरा विमानतळ : बेळगावच्या पूर्वेस, बागलकोट रस्त्यावर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने तो उभारला. १९४२ हे साल सामान्यतः दिले जाते. शेजारी भारतीय वायुदलाचे वायुसैनिक प्रशिक्षण केंद्र आहे. धावपट्टी पुढे १,८३० मीटरांवरून सुमारे २,३०० मीटर करण्यात आली आणि नव्या टर्मिनलचे उद्घाटन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. पट्टी वाढली की कुंपणाची लांबी वाढते व गस्तही वाढते.

खुणा : टॅक्सीवे (विमानाने धावपट्टीपर्यंत ये-जा करण्याचा मार्ग) धावपट्टीला मिळण्याआधी त्यावर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील तर टॉवरच्या परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. तुटक रेषा आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडत आहोत, तेव्हा शेपटीसकट पूर्ण बाहेर जायचे. जोडीला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. मोठ्या धावपट्ट्यांसाठी ही थांबरेषा मध्यरेषेपासून किमान ७५ मीटरांवर, आणि अचूक उपकरणी अवतरणाची (उपकरणांच्या आधारे दिशा व उंची धरून उतरण्याची) सोय असल्यास ९० मीटरांवर असते. बेळगावच्या पावसात आणि धुक्यात, गवत कमरेएवढे वाढल्यावर, पाटी दिसते का हे रोज पाहावे लागते.

संभाषण : २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे येथे धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे दगावली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, असा दंडक पडला, एरवी ‘डिपार्चर’. पट्टीवर येऊन थांबायचे असल्यास ‘लाइन अप अँड वेट’. थांबण्याची किंवा ओलांडण्याची सूचना वैमानिकाने धावपट्टीच्या क्रमांकासह शब्दशः परत म्हणावी लागते. नुसते ‘रॉजर’ (निरोप मिळाला) चालत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचे विमान ‘क्रमांक एक’ (उड्डाणाच्या रांगेत पहिले) एवढीच सूचना मिळाल्यावर, पट्टीवर येण्याची परवानगी नसताना, धावपट्टीवर गेले. त्यातील सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यावर आदळलेल्या प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले.

इंग्रजीतील ठरावीक प्रावीण्य वैमानिक व नियंत्रकांना सक्तीचे आहे. गवत कापणारा ट्रॅक्टरवाला किंवा दिव्यांची केबल जोडणारा मजूर त्या कक्षेत येत नाही. या भागात तो मराठी आणि कन्नड दोन्ही सराईतपणे बोलतो, पण त्याचा टॉवरला काय उपयोग? म्हणून रेडिओ परवाना असलेल्या माणसाची जीप सोबत ठेवून, पिवळा फिरता दिवा लावून असे काम करवले जाते. ‘रनवे व्हेकेटेड’ (धावपट्टी मोकळी केली) हे माणसे, अवजारे, ट्रॅक्टर सगळे रेषेबाहेर मोजून मगच म्हणायचे. तोवर नियंत्रकाने आपल्या फळीवर ‘पट्टी व्यापलेली’ अशी आठवणीची पट्टिका लावलेली असते. वॉकीटॉकी बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात. लाल लुकलुकला तर पट्टीवरून बाजूला होणे, हिरवा लुकलुकला तर ओलांडणे, पांढरा लुकलुकला तर संपूर्ण क्षेत्र सोडून जाणे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याला वेगात धावणाऱ्या प्रवासी विमानापुढे जीप व एक माणूस दिसल्याने वैमानिकाने वेळेआधीच विमान उचलले. ते दिल्लीला सुखरूप उतरले, मात्र त्याच्या सांगाड्याला इजा झाली होती.

प्रशिक्षण उड्डाणे : २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव होते (इतर : जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी). शिकाऊ विमाने एकामागून एक उतरतात आणि न थांबता पुन्हा उडतात. एकट्याने उडणारा विद्यार्थी रेडिओवर नवखा असतो. समांतर टॅक्सीवे पूर्ण लांबीचा नसेल तर उतरलेले विमान धावपट्टीवरूनच वळून मागे यावे लागते, आणि तेवढा वेळ पट्टी अडते. दोन जेट विमानांच्या टकरीपेक्षा हीच गर्दी छोट्या विमानतळाला अधिक लागू पडते.

उपकरणे : थांबरेषेवरचे लाल दिवे (स्टॉपबार), जमिनीवरील रडार व स्वयंचलित इशारा यंत्रणा मुख्यतः मोठ्या विमानतळांवर आढळतात. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक छोटे विमान चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर गेले व ११८ जण मेले, तेव्हा तेथील रडार बंद होते. पेटलेला स्टॉपबार तोंडी परवानगी मिळाली तरी ओलांडायचा नाही. तो विझेपर्यंत थांबून टॉवरला विचारायचे.