गाठ परत आली म्हणजे ऑपरेशन चुकलं असं नसतं हो

आमच्या खारघरच्या सोसायटीत एका काकांच्या मेंदूतली गाठ दीड वर्षाने परत आली आणि लगेच खाली बाकावर चर्चा सुरू, पहिल्या वेळी नीट काढलीच नसणार. ऐकून फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय. काकांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर आहे, आणि ही गाठ हरळीसारखी असते, वरचं गवत कितीही स्वच्छ काढा, मुळं आसपासच्या चांगल्या मेंदूत आधीच शिरलेली असतात आणि ती एमआरआयत दिसतही नाहीत.

म्हणून नंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड, ही केमोची कॅप्सूल. काकूंनी कालनिर्णयवर 28 दिवसांतले 5 दिवस लाल पेनाने गोल केले होते, रात्री आधी उलटीची गोळी, मग रिकाम्या पोटी कॅप्सूल.

या कॅप्सूलचं काम मला भयंकर आवडतं. डीएनएमधल्या जी या अक्षराला ती मिथाइलचं एक चिमुकलं शेपूट चिकटवते. जीचा जोडीदार सी, पण शेपूट लागलं की कॉपी काढताना समोर टी येऊन बसतो. पेशीची दुरुस्तीवाली टोळी येते, टी काढते, पण शेपूट तसंच, मग परत टी, परत काढा, असं करता करता डीएनए तुटतो आणि पेशी मरते. म्हणजे पेशी दुरुस्ती करून करूनच मरते!

पण एमजीएमटी नावाचं प्रोटीन ते शेपूट थेट स्वतःवर ओढून घेतं आणि त्यातच संपतं, एका शेपटाला एक अख्खा रेणू. गाठीत या प्रोटीनच्या जीनचा स्विच बंद असेल तर रिपोर्टवर मिथायलेटेड येतं (हे मिथाइल स्विचवरचं, औषधाचं वेगळं) आणि औषध जास्त चालतं. 2005 च्या अभ्यासात अशा पेशंटचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगतात तो आकडा) नुसत्या रेडिएशनने 15.3 महिने होतं, औषध जोडल्यावर 21.7.

मग औषध देऊनही परत का येते? एक कारण असं, काही पेशींत त्या टोळीचाच एखादा जीन, बऱ्याचदा एमएसएच6, बिघडतो. दुरुस्तीच नाही तर दमणं कसलं, चुका साचत जातात आणि पेशी आरामात वाढते. परत आलेली गाठ पहिल्यासारखीच असेल असं धरून चालता येत नाही ते यामुळे.

रेडिएशननंतर पहिल्या तीनेक महिन्यांत एमआरआयत डाग मोठा दिसला तर तो उपचाराचा परिणामही असू शकतो, घाबरून औषध सोडू नका. खरंच वाढली असेल तर जमल्यास पुन्हा ऑपरेशन, पुन्हा रेडिएशन, किंवा लोमुस्टीन हे केमोचं दुसरं औषध. बेव्हासिझुमॅब नावाच्या आणखी एका औषधाने सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, पण 2017 च्या मोठ्या ट्रायलमध्ये लोमुस्टीनला ते जोडून आयुष्य वाढलं नाही.

आणि कृपा करून गोमूत्र अर्काचे मेसेज त्या घरी पाठवू नका. आपल्याकडे 2023 मध्ये मान्यता मिळालेली देशी कार-टी (पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून परत देण्याचा उपचार) सुद्धा रक्ताच्या ठराविक कॅन्सरसाठी आहे, काकूंना चार जणांनी तेच विचारलं.

काकांचं दुसरं ऑपरेशन झालं, आता लोमुस्टीन सुरू आहे. सहा आठवड्यांतून एकदाच असतं, त्यामुळे कालनिर्णयवर लांब लांब एकेकच गोल दिसतो, आणि प्रत्येकाच्या आधी काकूंनी बारीक अक्षरात लिहिलंय, प्लेटलेट बघणे.