घरमालकाचा विमा तुमच्या फ्रिजसाठी नसतो

इंदूरला रामबागेत काय, सुदामानगरात काय, भाडेकरूंचा एक समज पक्का: "भिया, घरमालकाचा विमा आहे, आपलं सामान त्यातच आलं." नाही आलं. त्याची पॉलिसी त्याच्या भिंती-छतासाठी. पुरात भिजलेली तुमची गादी, फ्रिज, कपाट यांचं तुम्हीच बघायचं. 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत नुसत्या सामानाचाही विमा निघतो. त्यात आग, पूर, भूकंप येतात. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल येत नाही. ती दुरुस्ती घरमालकाकडे असेल आणि कळवूनही तो ढिम्म राहिला, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 108 खर्च भाड्यातून वळता करू देतं. पण करारात उलट अट असेल (बहुतेक जण न वाचताच सही ठोकतात), तर चालते ती अटच.