महाराष्ट्र जीवन प्राधिकरण

महाराष्ट्रातील नागरी व ग्रामीण पाणीपुरवठा आणि जलनिःसारण योजनांची आखणी व उभारणी करणारी, आणि काही शहरांत योजना स्वतः चालवणारी वैधानिक संस्था. पूर्वीचे नाव महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ. वृत्तपत्रांत ‘मजीप्रा’ हे लघुरूप रूढ आहे. बृहन्मुंबईचे पाणी महानगरपालिकेच्या जल अभियंता खात्याकडे, तर औद्योगिक वसाहतींचे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे असल्यामुळे राज्यातील हे दोन मोठे ग्राहक प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

स्थापनेचे वर्ष कोठे १९७६, तर कोठे १९७९ असे दिलेले आढळते. पहिले वर्ष अधिनियमाचे, दुसरे मंडळ प्रत्यक्ष अस्तित्वात आल्याचे. कायदा झाला म्हणजे संस्था झाली असे होत नाही; सरकारी खात्याकडची माणसे, अर्धवट कामे, देणी आणि मालमत्ता नव्या मंडळाच्या नावावर चढवावी लागतात. त्यामुळे १९७९ हेच वर्ष ग्राह्य धरणे बरे. संस्थेचा उगम आणखी मागे, मुंबई इलाख्याच्या आरोग्य-अभियांत्रिकी व्यवस्थेत शोधणारे तिसरे मत आहे. भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या शिफारशींनंतर १८६४ मध्ये मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. त्यांचे लक्ष आधी छावण्यांकडे होते. नगरपालिकांच्या विहिरी, तळी, गटारे मागाहून आली. हे मत आकर्षक असले तरी विदर्भ व मराठवाड्याला ते लागू करताना अडचण येते. हे प्रदेश अनुक्रमे मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांच्या प्रशासनांतून आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. मंडळाच्या हाती आलेला वारसा एका इलाख्याचा नव्हता, निदान तीन प्रशासनांचा होता.

पिण्याचे पाणी नेमके कोणत्या खात्याचे, हा प्रश्न या सबंध इतिहासाच्या मुळाशी आहे. १९१९ च्या भारत सरकार कायद्यानंतरच्या द्विदल राज्यपद्धतीत सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य हे विषय लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेले. ‘पाणीपुरवठा, पाटबंधारे व कालवे’ मात्र राखीव, म्हणजे गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, राहिले. संविधानाच्या राज्यसूचीतही हाच सांधा दिसतो: नोंद ६ सार्वजनिक आरोग्य व स्वच्छतेची, नोंद १७ पाण्याची. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पिण्याचे पाणी पंचायतींच्या, तर घरगुती, औद्योगिक व वाणिज्यिक पाणीपुरवठा नगरपालिकांच्या विषयसूचीत घातला. म्हणजे पाणी धरणातले असेतो पाटबंधाऱ्यांचे, शुद्ध होताना आरोग्याचे आणि नळाला आले की गावाचे.

१९७० च्या दशकात अशी मंडळे अनेक राज्यांत निघाली. तमिळनाडूचे १९७१ चे. कर्नाटकाचे नागरी मंडळ व उत्तर प्रदेशाचा जल निगम १९७५ चे. गुजरातचे मंडळ महाराष्ट्राच्याच सुमाराचे. बाह्य वित्तसंस्थांच्या आग्रहामुळे ही लाट आली असे एक मत आहे. आयुर्विमा महामंडळासारख्या देशी संस्थांकडून कर्ज उचलण्याची सोय हे कारणही तितकेच वजनदार वाटते. लहान नगरपालिकेची स्वतःची पत नव्हती. मंडळाला स्वतःच्या नावावर कर्ज काढता येत होते.

दुष्काळाने कामाची विभागणी ठरवली. १९७२ नंतर विंधनविहिरी व हातपंप यांचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व जिल्हा परिषदा यांच्याकडे एकवटले आणि नळाच्या मोठ्या योजना मंडळाकडे आल्या. (इंडिया मार्क २ या हातपंपाची घडण जालना व सोलापूर येथील पंपांवरून झाली, हे येथे नोंदवण्याजोगे.) योजना बांधायची, चाचणी घ्यायची आणि स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित करायची, असा शिरस्ता. मंडळाचे उत्पन्न मुख्यतः कामाच्या रकमेवर मिळणाऱ्या आकारातून, बराच काळ १७.५ टक्के दराने, येई. कामे आटली की आस्थापनेचा खर्च अंगावर येणार, हे या रचनेतच होते.

हस्तांतरण सर्वत्र झाले नाही. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी प्राधिकरणच देते. अंबरनाथ, बदलापूर व यवतमाळ येथेही तेच. अशा शहरांत रस्ते-दिव्यांची तक्रार पालिकेत आणि कोरड्या नळाची प्राधिकरणाच्या कार्यालयात, अशी दोन दारे नागरिकाला ठोठवावी लागतात.

प्रादेशिक योजनेची गरज सर्वांत ठळक दिसते ती पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात विहीर खोल नेली तरी पाणी खारटच लागते. त्यामुळे ‘गाव तेथे विहीर’ हा उपाय येथे चालत नाही. लांबच्या धरणातून पाणी उचलून, एका ठिकाणी शुद्ध करून, गावोगावच्या जलकुंभांत सोडावे लागते. योजनांची ओळखही गावांच्या संख्येवरूनच पडली आहे: वान प्रकल्पावरची ‘८४ खेडी’, खांबोऱ्याची ‘६४ खेडी’.

१९९७ मध्ये मंडळाचे ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ असे नामांतर झाले. ‘जीवन’ म्हणजे पाणी हा अर्थ अमरकोशातला (‘पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्’). खात्याच्या परिभाषेत ‘मंडळ’ म्हणजे अधीक्षक अभियंत्याचे कार्यालयही होत असल्याने मंडळाखाली मंडळे अशी जी शाब्दिक पंचाईत होती, ती या नावाने मिटली. प्रशासकीय प्रमुख सदस्य सचिव असतो. नाशिक येथील ‘मित्रा’ ही प्रशिक्षण व संशोधन प्रबोधिनी प्राधिकरणाचीच.

२००० नंतर मागणी-आधारित धोरण (गावाने स्वतः मागणी करून खर्चाचा वाटा उचलायचा) आले. जलस्वराज्य प्रकल्पात (२००३) ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि लोकवर्गणी यांना महत्त्व मिळून प्राधिकरणाचा वाटा घटला. २०१९ च्या जल जीवन मिशनने बहुगावी योजना पुन्हा पुढे आणल्या व दरडोई दररोज ४० लिटरांचे मान ५५ वर नेले. अभियंत्यांच्या दृष्टीने ही वाढ दिसते तितकी साधी नाही. जलवाहिनी तीच ठेवून प्रवाह याच प्रमाणात वाढवला, तर हेझन-विल्यम्स सूत्रानुसार घर्षणामुळे होणारी दाबहानी सुमारे ८० टक्क्यांनी वाढते, आणि ती सर्वांत आधी वाहिनीच्या शेवटच्या गावाला भोवते.