रेती नर्मदेची, पाणीही नर्मदेचे

इंदुरात घर बांधायला काढले की रेती नर्मदेची लागते आणि स्लॅबवर मारायचे पाणीही बहुधा नर्मदेचेच असते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी वर चढवलेले पाणी १९७८ पासून शहरात येते. रेतीचे डंपरही निमाडातून घाट चढूनच येतात. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) आणि कमी पाण्याची तराई (ओतलेले काँक्रीट ओले ठेवणे) या दोन्ही विषयांची मुळे एकाच नदीपाशी जातात, ती अशी.

होळकरांच्या काळातले बांधकाम दगड, लाकूड आणि चुन्याचे. चुना घाण्यात दळला जाई, त्यात सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी पडे. सुरखी नुसती भर म्हणून नव्हती. तिची चुन्याशी रासायनिक क्रिया होऊन पाण्यातही टिकणारा गारा तयार होई. आज सिमेंटमधली फ्लाय अ‍ॅश जवळपास हेच काम करते.

आरसीसी म्हणजे सळ्या घातलेले काँक्रीट आल्यावर नदीच्या रेतीला पर्याय शोधायची कोणाला गरजच वाटली नाही. तिचा दाणा गोलसर, त्यामुळे पाणी कमी लागते आणि थापी सहज फिरते. मिस्त्री मंडळींचा जीव तिच्यावर आहे तो त्यासाठीच. माळव्याच्या काळ्या दगडाची गिट्टी फोडताना उरणारी कच मात्र खाणीपाशी ढीग लावून पडून राहायची.

बदल घडवला तो कायद्याने. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. पुढच्या वर्षी हरित लवादाने विनामंजुरी उपसा थांबवला. मे २०१७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नर्मदेतल्या उपशावरच बंदी जाहीर केली. त्याआधी २०१६ मध्ये काँक्रीटच्या रेती-गिट्टीचे आयएस ३८३ हे भारतीय मानक सुधारले गेले होते आणि दगड फोडून केलेल्या रेतीबरोबर स्लॅग व पाडकामातला चुराही ठरावीक प्रमाणात चालेल, असे त्यात आले.

नदीच्या रेतीऐवजी क्रश सँड येऊ लागली आणि घोळ झाला तो तिथे. कच म्हणजे क्रश सँड नव्हे. जॉ क्रशर म्हणजे जबड्यासारख्या दोन पाट्यांत दगड चिरडणाऱ्या यंत्राखालची कच चपट्या, लांबट कणांची आणि धुळीने भरलेली असते. खरी क्रश सँड व्हीएसआय यंत्रात दगडावर दगड आपटून बनते, तिचा दाणा घनाकार होतो. पण दोन्ही काळ्याच, आणि ट्रॉलीतून ओतल्यावर अनेकांना फरक कळत नाही. मानकानुसार ७५ मायक्रॉनखालची धूळ नदीच्या रेतीत ३ टक्के, तर फोडलेल्या रेतीत १५ टक्क्यांपर्यंत चालते. एवढी मुभा आहे म्हणून कचही खपवायची, हा सरळसरळ लबाडीचा धंदा आहे.

या धुळीचा तराईशी थेट संबंध आहे. बारीक कण जास्त असले की ओतलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर पाणी कमी सुटते. मे महिन्यात माळव्यातला कोरडा वारा तो थर तासाभरात सुकवतो आणि स्लॅबवर बारीक भेगांचे जाळे उमटते. दुसऱ्या दिवशी कितीही पाणी मारा, त्या बुजत नाहीत. सिमेंटला लागणारे पाणी बहुतेक वेळा मिश्रणात आधीच असते. ते उडू न देणे हे तराईचे खरे काम. म्हणून ओतकाम झाल्याझाल्या प्लास्टिक अंथरावे आणि काँक्रीट घट्ट झाले की वाफे करून पाणी भरावे.

काँक्रीटकामाचे मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १० आणि फ्लाय अ‍ॅशसारखे घटक असले तर १४ दिवसांपर्यंत तराईची शिफारस आहे. घरबांधणीत आता सर्रास फ्लाय अ‍ॅशचे सिमेंट वापरतात, आणि साइटवर अजून ‘सात दिवस झाले, बस’ चालते.

क्युअरिंग कंपाउंड आले ते पाण्याच्या टंचाईवर तोड म्हणून. मेणाचा किंवा रेझिनचा हा पातळ थर बाष्प अडवतो. मात्र मेणाच्या थरावर प्लास्टर नीट धरत नाही, त्यामुळे नंतर तो घासून काढावा लागतो. कॉलमला त्यापेक्षा ओले पोते गुंडाळून वरून प्लास्टिक घट्ट बांधले, तर दिवसातून दोनदा पाइप मारून मधल्या वेळात कोरडे पडू देण्यापेक्षा पाणीही कमी लागते आणि कामही चांगले होते.