आधी ताट, मग पाटी

नाशकात शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. हे शरणपूर कुठलं, असं विचारलं तर बहुतेक जण ‘असेल पूर्वी एखादं खेडं’ म्हणून मोकळे होतात. खेडंच होतं ते, पण मुद्दाम वसवलेलं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर ही वस्ती उभी केली, ती शरण आलेल्यांसाठी. धर्मांतरामुळे घराला पारखी झालेली माणसं तिथे राहत. त्यांच्या जोडीला होती आफ्रिकेतली मुलं. गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडायचं, त्यातून सुटलेली पोरं मुंबईला उतरवायचं आणि त्यांतली कितीतरी पुढे नाशिकला यायची. आई-बाप नाहीत, इथली भाषा येत नाही, परतायला गाव नाही. अशा पोरांपुढे नुसती पाटी ठेवून काय होणार? म्हणून शरणपुरात राहायला जागा, दोन वेळचं जेवण, लिहिणं-वाचणं आणि सोबत सुतारकाम, लोहारकाम असा हातचा धंदा, हे सगळं एकत्रच सुरू झालं.

वंचित मुलांच्या ‘समग्र शिक्षणा’साठी काम करणाऱ्या संस्था आज नाशिक आणि परिसरात ठिकठिकाणी आहेत. पोषण, आरोग्यतपासणी, खेळ, चित्रकला, समुपदेशन आणि अभ्यास, अशी त्यांच्या कामाची यादी असते. ही कल्पना बाहेरून, अलीकडे आली असा अनेकांचा समज आहे. शब्द नवा आहे, हे खरं. गोष्ट मात्र या गावाला दीडशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

शरणपूरच्या मुलांपैकी एकाची हकीकत सांगायलाच हवी. आफ्रिकेचा शोध घेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये इकडे आला आणि आफ्रिकेच्या मोहिमेसाठी इथल्या शाळेतली नऊ मुलं निवडून घेऊन गेला. जेकब वेनराइट हा त्यानंतर, १८७२ मध्ये मदतीला गेलेल्या तुकडीतला. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, तेव्हाची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मृत्यूचा लेखही त्यानेच कोरला. नाशिकला गिरवलेली अक्षरं आणि नाशिकला आलेलं हत्यारं धरण्याचं वळण, दोन्ही त्या एका झाडावर दिसली असणार. देह मात्र इंग्लंडला नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत जेकब होता. त्यानंतर वर्षभरातच शरणपूरचा हा आफ्रिकी विभाग मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला हलला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव त्या वस्तीला आहे.

मुलांना ताट मिळालं, पाटी मिळाली; बदल्यात नाव बदललं आणि देवही. ज्याने खाऊ घातलं त्यानेच मुलाने काय व्हायचं हेही ठरवलं. हा धागा पुढेही सुटत नाही, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

मुलाला शिकवायचं तर आधी जेवू घातलं पाहिजे, हे पंचवटीला मिशनऱ्यांनी शिकवायची गरज नव्हती. वेदपाठशाळेत शिकणारा गरीब मुलगा वार लावून जेवायचा: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायची. व्यवस्था साधी, बिनखर्चाची आणि गावाच्या खांद्यावर चालणारी. फक्त तिचं दार एकाच जातीला उघडं होतं. कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराला शिकायला शहरात यावंसं वाटलं तर त्याने जेवायचं कुठे आणि झोपायचं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरहून आलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये तिथे मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. नाशकात १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ ही त्यातली मंडळी सत्यशोधक विचारांची. उदोजी मराठा बोर्डिंगच्या कोनशिलेसाठी १९२० मध्ये शाहू महाराज स्वतः नाशकात आले होते. आज ‘मविप्र’ म्हटलं की इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेज डोळ्यांपुढे येतं. तिची मुळं मात्र खेड्यातून आलेल्या पोराला पथारी टाकायला जागा देण्यात आहेत. जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवून दाखवलं, तेव्हा दुसरी वाट असू शकते हे कळलं.

दलित मुलांसाठी नाशिकला जे उभं राहिलं, ते चळवळीच्या धगीत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. तो चालवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, आणि बोर्डिंगचं मोल पुरतं ओळखणारे. पुढे शांताबाई दाणींनी रमाबाई आंबेडकरांच्या नावाने मुलींच्या शिक्षणाचं काम इथेच उभं केलं. देवळाच्या दाराची लढाई इतिहासाच्या पुस्तकात गेली. मुलींच्या जेवणाचा आणि झोपण्याचा हिशेब ठेवणं हे रोजचं, कंटाळवाणं काम. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

मग पश्चिमेकडचा डोंगर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत एक चतुर्थांशाहून जास्त आदिवासी, आणि पेठ-सुरगाण्यात तर जवळजवळ सगळेच. इथे दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली होती. हात, डोकं आणि मन यांचं शिक्षण एकत्र व्हावं, हे तिथे तत्त्व म्हणून मांडलं गेलं. डोंगरात ती गरज होती. पाड्यापासून शाळा कोसभर लांब, मध्ये पावसाळ्यात न ओलांडता येणारा नाला. मुलाला शिकवायचं तर त्याला ठेवून घ्यावंच लागे.

त्यातून आश्रमशाळा आली. १९७२-७३ पासून राज्य सरकारने ती योजना म्हणूनच हाती घेतली. आज राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत, आणि आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे. कागदावर पाहिलं तर याहून समग्र काय असणार? निवास, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं एका छताखाली. पण २०१६ मध्ये या शाळांतल्या विद्यार्थ्यांचे मृत्यू का होतात हे तपासायला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. याच सुमारास इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावात मध्यवर्ती स्वयंपाकघर सुरू झालं. तिथून आसपासच्या आश्रमशाळांना गरम जेवण जाऊ लागलं. डाळ पातळ होती की नाही हा प्रश्न किरकोळ वाटतो; वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही विचारा, तो किरकोळ नसतो.

आणखी एक गोष्ट आश्रमशाळेने सोडवली नाही. घरी कोकणा किंवा वारली बोलणारं सहा वर्षांचं पोर एकदम पुस्तकी मराठीत जाऊन बसतं. पहिली दोन वर्षं ते गप्पच असतं. गुरुजींना वाटतं, मूल मंद आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. पाड्यावर जायचं, अंगणात बसायचं, मुलाच्या हाताशी असलेल्या बिया, पानं, शंख घेऊन सुरुवात करायची. अंगणवाडी हा शब्द त्याच कामातून रूढ झाला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला. शब्द गेला, अंगण राहिलं मागे.

कायद्याने काय बदललं ते थोडक्यात. शाळेतला पोषण आहार १९९५ पासून, शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून, आणि ‘समग्र शिक्षा’ या नावाची एकत्रित सरकारी योजना २०१८ पासून. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चावेत, हे कंपनी कायद्यातलं कलम १ एप्रिल २०१४ ला लागू झालं आणि संस्थांकडे हा सीएसआरचा पैसा येऊ लागला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात तो चटकन जाणवला. पैशासोबत तक्तेही आले: किती मुलं, किती तास, किती गुण वाढले. मूल आनंदाने शाळेत येतं का, याचा रकाना अजून तरी मला कुठल्या तक्त्यात दिसलेला नाही.

आता या संस्थांपुढे जे मूल आहे, ते शरणपूरच्या मुलासारखं अनाथ नाही आणि आश्रमशाळेच्या मुलासारखं एका जागी राहणारंही नाही. ते फिरतं आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. ‘जगायला चाललो’ असंच म्हणतात. एकराने काम ठरतं, त्यामुळे जितके हात तितकं बरं. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते तिथे, पेस्ट लावायची असते. लावलेला डोळा कळावा म्हणून तिच्यात रंग मिसळलेला असतो. एका बागेच्या बांधावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भेटली होती, बोटं लालभडक. शाळेत चौथीला आहे म्हणाली. शिक्षण हमी पत्रक मिळालं का, असं विचारलं तर तिने आईकडे पाहिलं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून ते पत्रक द्यायचं असतं. आईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. जपून ठेवला होता, कोणाला दाखवला नव्हता. शाळा दोन किलोमीटरवर, मुलीच्या पाठीला दीड वर्षांचा भाऊ.

बागांच्या पट्ट्यात काम करायचं तर सुरुवात त्या भावापासूनच करावी लागते. पाळणाघर निघालं तरच चौथीतली मुलगी मोकळी होते. आणि पाळणाघर दहाला उघडून उपयोग नाही. मजुरांची पिकअप सकाळी सातला येते. त्याच्या आधी दार उघडून, दूध तापवून बसावं लागतं.