विमानतळावरच्या दुकानांचा गल्ला आणि सरकारचा वाटा : लेखापरीक्षणामागचा इतिहास

विमानतळावर कॉफीचा एक कप विकला गेला, की त्या पैशाला किमान तीन वाटेकरी असतात. कॉफी विकणारी कंपनी, टर्मिनल चालवणारी कंपनी आणि जमीन ज्या सार्वजनिक संस्थेची आहे ती संस्था. पहिल्या दोघांना आपल्या वाट्याला काय आलं ते रोज रात्री कळतं. तिसऱ्याला ते कळतं इतरांनी दिलेल्या कागदांवरून. विमानतळावरच्या दुकानांच्या आणि उपाहारगृहांच्या करारांचं लेखापरीक्षण हा विषय या एका अडचणीतून उभा राहिला. करारांचे नमुने बदलत गेले तेही बऱ्याच अंशी याच अडचणीमुळे, असं माझं मत आहे.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर १९४७ साली ब्रेंडन ओ'रेगन यांनी जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान सुरू केलं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तेव्हा इंधनासाठी तिथं उतरायची आणि प्रवासी तासभर रिकामे असायचे. हा व्यवसाय सरकारी यंत्रणेचाच होता. आपल्याकडेही अनेक वर्षं तोच प्रकार होता. १९६६ साली स्थापन झालेलं भारतीय पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे आयटीडीसी, देशातल्या प्रमुख विमानतळांवर ड्यूटी फ्री दुकानं चालवायचं. जागा सरकारची, विक्रेता सरकारचा. गल्ला नीट जुळतो का एवढंच तपासणाऱ्याला बघावं लागायचं. वाटा लपवला गेला का हा प्रश्न फारसा नव्हताच.

अडचण आली ती टक्केवारीच्या भाड्याबरोबर. अमेरिकेत १९३०च्या महामंदीत दुकानदारांना ठरावीक भाडं परवडेना, तेव्हा विक्रीच्या टक्केवारीत भाडं घ्यायची पद्धत तिथं फोफावली. पुढे विमानतळांनी ती उचलली आणि तिला किमान हमी रकमेची जोड दिली. विक्री कितीही झाली तरी अमुक रक्कम द्यायचीच. टक्केवारीने त्याहून जास्त होत असेल तर जास्तीची द्यायची. सूत्र चांगलं आहे. धंदा वाढला तर जागामालकालाही फायदा मिळतो. पण त्यामुळे जागामालकाला भाडेकरूच्या वह्या बघायची गरज पडू लागली. ठरावीक भाड्यात ती कधीच पडत नव्हती.

भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई हे चार मोठे विमानतळ १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेले. देशांतर्गत विमानतळांसाठी १९८६ मध्ये वेगळं प्राधिकरण झालं आणि १ एप्रिल १९९५ला दोन्ही मिळून आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण बनलं. त्याच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, करतात. ती तरतूद १९९४च्या कायद्यातच आहे. २००३ साली त्या कायद्यात दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. एकीने विमानतळ भाडेपट्ट्याने खासगी कंपनीला द्यायची मुभा मिळाली. दुसरीने मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यांना विमानतळाच्या आवारातून काढण्याची वेगळी यंत्रणा उभी केली. ही दुसरी सुधारणा फारशी चर्चेत आली नाही, पण थकबाकीदार दुकानदार न्यायालयाच्या तारखांवर वर्षानुवर्षं जागा धरून बसला तर किमान हमीला काही अर्थ उरत नाही, हे या कामातल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

प्राधिकरण स्वतः दुकानाचा परवाना देतं तेव्हा तपासणी कशी चालते, हे जवळून बघण्यासारखं आहे. बिलिंग मशिनमधून दिवसअखेरीला झेड रिपोर्ट निघतो, त्यावर त्या दिवसाची एकूण विक्री असते. बिलांचे क्रमांक सलग आहेत का, रद्द केलेली बिलं किती आणि ती कुठल्या वेळेला जास्त आहेत, हे आधी बघायचं. मग तीच रक्कम जीएसटी विवरणपत्रांशी आणि कार्ड-यूपीआयने बँकेत जमा झालेल्या पैशांशी ताडायची. सनदी लेखापालाचं उलाढालीचं प्रमाणपत्र परवानाधारक देतोच. पण ते अनेकदा कंपनीच्या सगळ्या शाखांचं मिळून असतं आणि त्यातला विमानतळावरचा आकडा वेगळा काढून मागावा लागतो. ड्यूटी फ्रीचं काम उलट सोपं. तिथला माल सीमाशुल्काच्या बाँडेड गोदामातून, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवण्याच्या देखरेखीखालच्या गोदामातून, येतो आणि प्रत्येक बाटलीची नोंद सीमाशुल्क खात्याच्या नोंदवहीत असते. आधीची शिल्लक, आवक आणि आजची शिल्लक मांडली की विक्रीचा आकडा दुकानदाराला न विचारता निघतो.

गल्ल्यात कधीच न येणारे पैसे मात्र सापडणं कठीण. अत्तराच्या आणि मद्याच्या कंपन्या आपला माल दर्शनी फळीवर लावण्यासाठी, मधल्या जागेत खास काउंटर उभारण्यासाठी दुकान चालवणाऱ्याला पैसे देतात. ही उलाढाल धरायची की नाही? करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तर धरायची, नसेल तर वाद. जागेचंही तसंच. करारात लिहिलेले चौरस मीटर एक असतात आणि टेप लावला की निघतात दुसरेच. दुकानासमोरचा फ्रीज, चार स्टुलं, कोपऱ्यातली खोकी हे सगळं हळूहळू मोकळ्या वाटेवर आलेलं असतं.

या सगळ्याला वेगळं वळण मिळालं ते २००६ साली. ४ एप्रिलला मुंबई आणि दिल्ली विमानतळांचे करार झाले आणि मे महिन्यात ताबा खासगी कंपन्यांकडे गेला. दोन्ही कंपन्यांत ७४ टक्के भाग खासगी गटांचा, २६ टक्के प्राधिकरणाचा. मुंबईच्या कंपनीने एकूण महसुलाच्या ३८.७ टक्के प्राधिकरणाला द्यायचे, दिल्लीच्या कंपनीने ४५.९९ टक्के. मुदत ३० वर्षं, आणखी ३० वर्षं वाढवता येण्याजोगी. एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या क्रमानेच पैसे बाहेर पडतील असं बँकेतलं राखीव खातं, आणि स्वतंत्र लेखापरीक्षक यांची तरतूदही करारात होती. कागदावर सरकारचा वाटा इतका मोठा दिसला, की तो कशाचा वाटा आहे याकडे तेव्हा पुरेसं लक्ष गेलं नाही.

हिशेब मांडून बघू. समजा, टर्मिनलमधल्या एका दुकानात १०० रुपयांची विक्री झाली आणि ते दुकान विमानतळ कंपनीला विक्रीच्या ३० टक्के देतं. विमानतळ कंपनीचा महसूल झाला ३० रुपये. मुंबईच्या दराने प्राधिकरणाला त्यातले ११ रुपये ६१ पैसे मिळतील. दुकान कंपनीने स्वतः चालवलं असतं, तर १०० रुपयांवर ३८ रुपये ७० पैसे द्यावे लागले असते. अर्थात कुठलीच विमानतळ कंपनी असं करणार नाही, कारण मालाची किंमतही त्या १०० रुपयांतूनच भागवायची असते. त्यामुळे दुकानं तिसऱ्याकडे सोपवण्यात गैर काही नाही, जगभर तेच होतं. प्रश्न येतो तो तिसरा खरोखर तिसरा नसेल तेव्हा. दुकान चालवणाऱ्या कंपनीत विमानतळ कंपनीचाच भागभांडवलाचा हिस्सा असेल, तर ३० टक्के हा दर टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून ठरवता येतो. दर कमी ठेवला तर विमानतळ कंपनीचं नुकसान दुसऱ्या खिशात भरून निघतं. सार्वजनिक संस्थेला तो दुसरा खिसाच नसतो.

ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली विमानतळाविषयीचा कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला, त्यात हा मुद्दा होता. संयुक्त कंपन्यांकडे कामं सोपवल्यामुळे त्या कामांतली संपूर्ण उलाढाल वाटपात येत नाही आणि प्राधिकरणाचा वाटा घटतो, असं निरीक्षण अहवालात होतं. वर्तमानपत्रांत मात्र गाजलं ते जमिनीच्या व्यापारी किमतीचं आणि प्रवाशांकडून वसूल केलेल्या ३,४१५ कोटींच्या विकास शुल्काचं प्रकरण. तेही महत्त्वाचंच होतं. पण माझ्या मते त्या अहवालातला दीर्घकाळ पुरणारा धडा दुकानांच्या त्या परिच्छेदात होता, कारण जिथं महसुलात वाटा आहे अशा पुढच्या प्रत्येक विमानतळाला तो लागू पडतो. जुलै २०१४ मध्ये मुंबईबद्दलचाही अहवाल आला. तिथं प्रकल्पखर्च ५,८२६ कोटींवरून १२,३८० कोटींवर गेल्याची चर्चा झाली.

दोन्ही वेळा कॅगने तपासल्या त्या मंत्रालयाच्या आणि प्राधिकरणाच्या फायली. विमानतळ कंपन्यांत सरकारी भाग ५१ टक्के नसल्याने त्या सरकारी कंपन्या ठरत नाहीत आणि त्यांच्या वह्यांपर्यंत कॅगचा हात आपोआप पोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ला दूरसंचार कंपन्यांच्या बाबतीत वेगळा निर्णय दिला. सरकारशी महसूल वाटून घेणाऱ्या खासगी कंपनीच्या जमेच्या नोंदी कॅगला तपासता येतील, असं न्यायालयाने म्हटलं. पण दूरसंचाराचा पैसा थेट भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत, जातो आणि विमानतळाचा वाटा प्राधिकरणाच्या खात्यात. हा फरक लहान नाही. त्यामुळे विमानतळांच्या बाबतीत तपासणीचा हक्क शेवटी करारात काय लिहिलं आहे यावरच येऊन थांबतो.

प्रवाशाचा यात थेट संबंध आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबई-दिल्लीच्या करारांनुसार दुकानं, जाहिराती, पार्किंग अशा उत्पन्नातला ३० टक्के भाग विमानतळ शुल्क कमी करण्यासाठी वापरला जातो. २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने हेच तत्त्व देशभर नेलं. शुल्क ठरवतं विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा. म्हणजे दुकानाची विक्री कमी दाखवली गेली, तर विमानतळ प्राधिकरणाचा वाटा घटतोच, वर तिकिटातलं शुल्कही त्या प्रमाणात जास्त राहतं. काहीही विकत न घेता विमानात चढणाराही तो फरक भरतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अहमदाबाद, जयपूर, लखनौ, तिरुवनंतपुरम, गुवाहाटी आणि मंगळुरू या सहा विमानतळांच्या निविदा उघडल्या, तेव्हा सरकारने महसुलाचा वाटा हा निकषच सोडला होता. बोली लागली प्रवाशामागे किती रुपये देणार यावर. अहमदाबादला १७७ रुपये, मंगळुरूला ११५. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोएडाजवळच्या जेवर विमानतळासाठी ४००.९७ रुपयांची बोली आली. लेखापरीक्षकाला आता झेड रिपोर्ट नको, संयुक्त कंपन्यांचे ताळेबंद नकोत. विमान कंपन्यांच्या प्रवासी याद्या पुरतात. महसूल म्हणजे काय यावरचा वाद मुळातच मिटला. पण त्याची किंमत सार्वजनिक बाजूने मोजली आहे. टर्मिनलमधली खरेदी दुप्पट झाली तरी त्या वाढीतला वाटा आता मिळणार नाही. तपासायला सोपा करार आणि फायद्याचा करार एकच असतो असं नाही. सहा विमानतळांच्या बाबतीत सरकारने सोपेपणा निवडला आणि मला ती निवड घाईची वाटते.

करोनाने जुन्या करारांची वेगळीच परीक्षा घेतली. प्रवासीच नसताना किमान हमी कशी मागायची, हा प्रश्न जगभर आला. दिल्ली विमानतळाच्या कंपनीला १९ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळातल्या वार्षिक शुल्कातून, म्हणजे प्राधिकरणाला द्यायच्या महसुलाच्या वाट्यातून, लवादाने जानेवारी २०२४ मध्ये सूट दिली.

दुसरीकडे दरांवरून प्रवाशांचा राग वाढत होता. परवाना मिळवण्यासाठी मोठी हमी कबूल करायची आणि ती चहाच्या कपातून वसूल करायची, हे चक्र सगळ्यांना दिसत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारा उडान यात्री कॅफे सुरू झाला. अशा ठिकाणी तपासणाऱ्याचं काम वाढतं: विक्रीच्या जोडीला लावलेला दर, कपातलं माप आणि तो पदार्थ खरोखर मिळतो का, हेही बघावं लागतं.

महाराष्ट्र आणि गोव्यात आज हे सगळे काळ शेजारी-शेजारी उभे आहेत. गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर प्राधिकरण स्वतः परवाने देतं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर ३६.९९ टक्के महसुलाच्या बोलीवर खासगी कंपनी आली आणि तो वाटा गोवा सरकारचा आहे. नवी मुंबईत १२.६० टक्क्यांची बोली होती, तिथली सार्वजनिक संस्था सिडको, आणि विमानतळ कंपनीत तिचा भाग २६ टक्के. सिडको राज्य सरकारची कंपनी असल्याने तिचे हिशेब कॅगकडे जातात, विमानतळ कंपनीचे नाहीत. म्हणजे मुंबई-दिल्लीची २००६ची रचनाच इथं पुन्हा आली आहे. सिडकोच्या लेखापरीक्षकाने पहिल्या वर्षापासून तीन कागद मागायला हवेत: टर्मिनलमधल्या प्रत्येक दुकानाच्या पोटपरवान्याची प्रत, त्यात ठरलेली टक्केवारी, आणि परवानाधारक कंपनीत विमानतळ कंपनीचा किंवा तिच्या गटाचा किती हिस्सा आहे याचं निवेदन. प्राधिकरणाच्या दुकानांच्या निविदा कोणालाही वाचता येतात. मोपा आणि नवी मुंबईच्या पोटपरवान्यांची यादीही गोवा सरकारने आणि सिडकोने तशीच जाहीर करावी.