कायो सांतियागो

कॅरिबियन समुद्रातील, प्वेर्तो रीकोच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 1 किमी. अंतरावरील एक लहान बेट व नरवानर गणातील (माकडे, कपी इ.) प्राण्यांच्या समाजजीवनाचे जगातील एक प्रमुख अभ्यासकेंद्र. क्षेत्रफळ सुमारे 15 हेक्टर. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले त्याचे दोन भाग आहेत. येथे लाल तोंडाच्या माकडांची (ऱ्हीसस, मकाका मुलाटा) मोकळी वस्ती असून अलीकडील काळात त्यांची संख्या दीड ते दोन हजारांच्या दरम्यान राहिली आहे. ही सर्व माकडे 1938 मध्ये भारतातून नेलेल्या माकडांचे वंशज होत.

वस्तीची स्थापना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व नरवानर-अभ्यासक क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी केली. पनामातील हाउलर माकडे व सयाममधील (थायलंड) गिबन यांचे निरीक्षण केल्यावर, आजार व वर्तन या दोहोंच्या अभ्यासासाठी माकडांचा बंदिस्त नसलेला कळप अमेरिकेजवळ असावा, असा त्यांचा आग्रह होता. मूळ माकडांच्या संख्येविषयी व ठिकाणाविषयी मात्र एकवाक्यता नाही. बेटावर 409 माकडे सोडली, असा आकडा बहुतेक ठिकाणी आढळतो. काही वृत्तांतांत सुमारे 500 असा उल्लेख येतो. पहिला आकडा प्रत्यक्ष सोडलेल्यांचा आणि दुसरा भारतात गोळा केलेल्यांचा असावा, असे मानल्यास हा फरक बराचसा उलगडतो व ते अधिक सयुक्तिक दिसते. ही माकडे लखनौ परिसरात पकडून कलकत्त्याहून जहाजाने रवाना केली, असे सामान्यतः सांगितले जाते; तथापि ती एकाच भागातील होती असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण व्यापारी अनेक ठिकाणची माकडे एकत्र करीत असत. हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. भारतीय व चिनी वंशाच्या ऱ्हीसस माकडांत आनुवंशिक फरक असून काही विषाणुजन्य रोगांची वाटचालही दोहोंत वेगळी होते. त्यामुळे बेटावरील निष्कर्ष कोणत्या वंशाला लागू होतात, हे मूळ स्थानावर अवलंबून राहते. भारताने 1978 पासून या माकडांच्या निर्यातीवर बंदी घातल्याने या जुन्या वंशाचे महत्त्व आणखी वाढले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर वस्तीची आबाळ होऊन संख्या बरीच घटली. 1956 मध्ये स्ट्युअर्ट ऑल्टमन यांनी माकडांवर ओळखक्रमांक गोंदवून नियमित गणना सुरू केली, आणि अभ्यासाचे खरे मूल्य तेथून सुरू होते. जन्म, मृत्यू, माता व गट यांची नोंद पुढील पिढ्यांतही खंड न पडता होत राहिली. धनुर्वात हे मृत्यूचे एक मोठे कारण होते. 1980 च्या दशकाच्या मध्यास लसीकरण सुरू झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला.

माद्यांचा गटातील दर्जा मातेकडून येतो आणि बहिणींत धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते. हा नियम जपानी माकडांत कावामुरा यांनी 1958 मध्ये मांडला व कायो सांतियागोवर डोनाल्ड सेड यांनी 1967 मध्ये दाखवून दिला. नर वयात येताना जन्मगट सोडतात व नव्या गटात बहुधा तेथील वास्तव्याच्या ज्येष्ठतेनुसार वर चढतात. आप्तांची साथ आयुर्मानाशी निगडित आहे. 2017 च्या एका अभ्यासात, ऐन वयातील ज्या माद्यांना जवळचे नातलग अधिक होते, त्यांचे जगण्याचे प्रमाण जास्त आढळले, परंतु वृद्ध माद्यांत हा संबंध दिसला नाही. स्वभावाच्या मोजमापात आत्मविश्वास, मोकळेपणा, वर्चस्व, मैत्रीभाव, क्रियाशीलता व चिंता अशी सहा अंगे 2011 मध्ये सुचविण्यात आली. ती काही अंशी आनुवंशिक आहेत.

गटातील खालचा दर्जा आजाराचे कारण असतो की परिणाम, हा वाद मोकळ्या वस्तीतील निरीक्षणाने सुटत नाही. त्यासाठी अमेरिकेतील यर्किस या नरवानर संशोधन केंद्रात बंदिस्त माद्यांना गटात क्रमाक्रमाने सोडून दर्जा ठरविण्यात आला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खालच्या दर्जाच्या माद्यांत शरीरात दाह (सूज) निर्माण करणाऱ्या जनुकांची सक्रियता अधिक आढळली, व दर्जा बदलल्यावर तीही बदलली. कारण-दिशेविषयीचा हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा मानावा लागतो.

20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया या चक्रीवादळाने बेटावरील सुमारे दोन-तृतीयांश वनस्पती नष्ट केल्या. सावली दुर्मीळ झाली आणि उन्हात तापमान 40° से. च्या वर जाऊ लागले. अशा वेळी भांडणे वाढतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माकडे एकमेकांना अधिक सहन करू लागली, आणि पूर्वी एकाकी असलेल्यांनी संबंध सर्वाधिक वाढविले. 2024 मधील विश्लेषणानुसार, वादळापूर्वी जगण्याशी फारसा संबंध नसलेली ही सहनशीलता वादळानंतर आयुर्मान ठरविणारी झाली, कारण सावलीचा वाटा तिच्यावर अवलंबून होता. त्याच वेळी, 2022 मधील एका अभ्यासात वादळ अनुभवलेल्या माकडांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या वयाच्या मानाने सरासरी दोन वर्षे अधिक वृद्ध दिसली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचणे आवश्यक आहे: संबंध वाढले, तरी शरीराला झळ बसलीच.

रोज मिळणारे तयार खाद्य, शिकारी प्राण्यांचा अभाव व दाट वस्ती यांमुळे बेटावरील स्पर्धा नैसर्गिक कळपांहून तीव्र असते, अशी टीका पूर्वीपासून होत आली आहे व ती बऱ्याच अंशी रास्त आहे. तुलनेसाठी चार्ल्स साउथविक, मिर्झा अझर बेग व रफीक सिद्दीकी यांनी 1959–60 पासून उत्तर भारतात केलेली पाहणी उपयुक्त ठरते; तेथेही खेडी, रस्ते, मंदिरे व रेल्वेस्थानके यांच्या आसपासच्या माकडांचे अन्न मोठ्या प्रमाणात माणसांकडूनच येत होते.